मावशींच्या खांद्यावरची पर्स

मावशींचा दिवस दुसऱ्याच्या म्हातारपणात उगवायचा आणि तिथेच मावळायचा. अंथरुणाला खिळलेली माणसं सांभाळायचं काम त्या वीसेक वर्षं करत होत्या. उठवायचं, पुसायचं, भरवायचं, कूस बदलून द्यायची, आणि तीच ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्याने पुन्हा ऐकायची. एक घर संपलं की दुसरं. घर संपलं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. घरची माणसं बाहेरच्या खोलीत रडत असायची तेव्हा मावशी बाथरूममध्ये आजाऱ्याचं भांडं घासून पालथं घालायच्या, चादरी भिजत टाकायच्या आणि आपली पिशवी उचलून निघायच्या. आपल्याला कुणी ‘जा’ म्हणायच्या आत जावं, असं त्यांना वाटायचं.

घरी नवरा होता. पूर्वी तो ट्रकवर माल चढवायचा. गुडघे गेले आणि घरी बसला, तो बसलाच. एकुलती एक मुलगी जवळच दिली होती. ती मोबाईलच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. म्हणजे तिघांत उभं राहून पैसे कमावणारी माणसं दोनच, आणि दोघींचेही पाय संध्याकाळी सुजलेले.

शेवटची चार-पाच वर्षं मावशी ज्यांच्याकडे होत्या त्या आजी एका मोठ्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या यजमानांचा पाइपांचा कारखाना होता. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. कारखाना आता मुलगा बघायचा, आणि घर सूनबाई बघायच्या. आजींना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही, पण चाळीस वर्षांपूर्वी कोण काय बोललं ते शब्दन् शब्द पाठ.

रोज दुपारचा चहा झाला की आजी अस्वस्थ व्हायच्या. चादरीवरून हात फिरवत म्हणायच्या, “चल, निघायचं ना? माझी पर्स दे.”

पहिले काही दिवस मावशींनी समजावून पाहिलं. बाहेर ऊन आहे, गाडी आलेली नाही, उद्या जाऊ. आजी लहान मुलासारख्या मुसमुसायच्या. मग मावशींच्या लक्षात आलं की वाद घालण्यापेक्षा निघालेलं सोपं. त्या कपाट उघडायच्या. त्या कपाटाला आत दिवा होता, दार उघडलं की आपोआप लागायचा. आत नुसत्या पर्स. प्रत्येकीला मऊ कापडाची खोळ घातलेली, दुपट्यात गुंडाळून ठेवलेल्या तान्ह्या बाळांसारख्या सगळ्या ओळीत. आजी बोट दाखवायच्या ती काढायची, तिच्यात रुमाल, चष्मा, कंगवा आणि बिस्किटाचा पुडा घालायचा, ती त्यांच्या मांडीवर ठेवायची आणि चाकाची खुर्ची ढकलत लांबलचक पॅसेजच्या टोकाच्या खिडकीपर्यंत जायचं. खिडकीतून खाली रस्ता दिसायचा. आजी घटकाभर बघायच्या आणि म्हणायच्या, “फार गर्दी आहे गं. चल घरी.” परत आल्यावर त्यांना खरंच दमल्यासारखं व्हायचं. मावशी मात्र आधीच दमलेल्या असायच्या. पर्स रिकामी करून, खोळ घालून, होती तिथे ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुसरी.

एकदा मावशींनी सहज विचारलं, “आजी, एवढ्या पर्स घेतल्यात तरी केव्हा?”

“मी नाही घेतल्या. ह्यांनी आणल्या.” आजींनी मांडीवरची हिरवी पर्स उलटीसुलटी केली. “माझ्या बहिणीच्या देखत मला बिनडोक म्हणाले होते, तेव्हाची ही. ती करड्या रंगाची आहे ना, ती मुलाच्या वेळची. दोन दिवस अडले होते मी. हे फिरकले नाहीत. ‘चुकलं’ असं कधी म्हणाले नाहीत हो. पर्स आणायचे.”

मावशी कपाटाकडे नुसत्या बघत राहिल्या. केवढं मोठं ते कपाट.

“आणि ती काळी?” काळी पर्स वरच्या फळीवर एकटीच असायची. चौकोनी, ताठ, पुढे सोनेरी कडी.

“ती सगळ्यात महाग.” आजींचा आवाज एकदम साफ झाला. “दोन वर्षं दुसरीकडे राहत होते. मग एके दिवशी दारात उभे. तोंडातून शब्द नाही. ती पुढे केली.”

“मग?”

“मग काय? घेतली.”

“आवडली होती?”

“आवडली ना!” आजी चिडून म्हणाल्या. “त्याचाच तर राग येतो.”

त्या दिवशी बसमध्ये मावशींना बसायला जागा मिळाली, तरी डोळा लागला नाही. त्यांचा नवरा भांडण झालं की दुसऱ्या दिवशी न सांगता पाण्याचे हंडे भरून ठेवायचा. ते बरं की हे बरं, याचा विचार करायला लागल्या आणि मधेच सोडून दिला. उतरायची वेळ झाली होती.

आजी गेल्या त्या झोपेतच. मावशींनी सवयीप्रमाणे चादरी भिजत टाकल्या, खुर्ची पुसून कोपऱ्यात लावली आणि घरी आल्या. आठवड्याभरात दुसरं काम लागलं.

महिन्याभराने सूनबाईंचा फोन आला की आईंची खोली आवरायची आहे, अर्धा दिवस येता का? मावशी गेल्या. सूनबाई काही वाईट नव्हत्या. बोलायला गोड, वेळच्या वेळी सुट्टी देणाऱ्या. काही जुनंपानं द्यायचं झालं तर धुऊन, घडी घालून द्यायच्या. त्यांनी पलंगावर सगळ्या पर्स खोळीतून काढून मांडल्या होत्या. अशा वापरलेल्या महागड्या वस्तू विकत घेणारी कुणी बाई दुसऱ्या दिवशी येणार होती.

“मावशी, आईंचं तुम्ही किती केलंत,” सूनबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे खरोखरच पाणावले होते. “यातली तुम्हाला आवडेल ती घ्या. अगदी संकोच करू नका.” आणि बोलता बोलता त्यांनी कडेला पडलेली एक तपकिरी, कोपऱ्यात झिजलेली पर्स जराशी पुढे सरकवली.

मावशींना ते दिसलं. असल्या गोष्टी त्यांना फार लवकर दिसत. लहानपणी ताटातली फोड उचल म्हटलं की सगळ्यात बारकी उचलायची, मुलीच्या लग्नात दोन पातेल्यांतलं पोचा पडलेलं आपल्याकडे ठेवायचं, कामाच्या घरी चहा दिला की कान तुटलेला कप आपणहून मागून घ्यायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, हातालाच वळण होतं. आताही हात तपकिरी पर्सकडे निघाला. पण कुणास ठाऊक काय झालं, मधेच थांबला. त्या क्षणी त्यांना राग आला नव्हता, हावही सुटली नव्हती. त्यांना फक्त फार थकवा आला. बारकी फोड उचलण्याचा थकवा.

“ही घेते,” त्या म्हणाल्या आणि काळ्या पर्सवर हात ठेवला.

सूनबाई हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. “ती ना... ती जरा जड आहे हं, मावशी. तुम्हाला रोज न्यायला-आणायला ही तपकिरीच बरी पडेल. हिला कप्पेपण आहेत.”

“असू दे जड.”

“नाही, म्हणजे तिला पाणी लागलेलं चालत नाही, ऊन चालत नाही...”

“माणसं सांभाळते मी, ताई. पर्स सांभाळीन की.”

बोलून झाल्यावर मावशींनाच घाम फुटला. इतक्या वर्षांत कुठल्या घरात त्या असं बोलल्या नव्हत्या. दारात आजींचा मुलगा उभा होता, कानाला फोन लावून. फोनवर हात ठेवून तो म्हणाला, “दे ना त्यांना. आई असती तर तिनेच दिली असती.”

आजींनी ती मुळीच दिली नसती. हे मावशींना चांगलं माहीत होतं. पण पर्सवरचा हात त्यांनी काढला नाही.

सूनबाईंनी पर्स एका साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. खोळ दिली नाही आणि पर्सबरोबर आलेलं, ती खरी असल्याचं कार्डही काढून ठेवलं. मावशींनी मागितलं नाही.

घरी नवऱ्याने ती हातात घेऊन हलवून पाहिली. “ही थैली? हिच्यात मावणार काय?”

संध्याकाळी मुलगी आली. तिने पर्सच्या आतला शिक्का पाहिला, मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि मटकन खाली बसली. “आई, तुला कळतंय का तू काय आणलंयस? तुझी दोन वर्षांची कमाई आहे ही!”

“काहीतरीच.”

“देवाशप्पथ. हे बघ.”

मग त्या दोघांचं सुरू झालं. मुलीला स्कूटर हवी होती, म्हणजे ती आईलाही कामावर सोडू शकली असती. नवऱ्याला गुडघ्याचं ऑपरेशन आठवलं. त्यावरून दोघांची थोडी बाचाबाचीही झाली. पर्स घरात येऊन एक दिवस झाला नव्हता, तेवढ्यात तिची स्कूटर झाली, गुडघे झाले, गळकं छप्परही करून झालं. मावशी भांडी घासत होत्या. तुला काय हवंय, असं त्यांना कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी त्यांना पटकन सांगता आलं नसतं. हात पुसून त्यांनी पर्स उचलली, टॉवेलमध्ये गुंडाळली आणि कपाटावर ठेवून दिली. “बघू पुढे,” एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी सूनबाईंचा फोन आला. मावशी तेव्हा कपडे धूत होत्या. नवऱ्याने फोन त्यांच्या कानाला धरला.

“मावशी, अहो माझाच घोळ झाला,” सूनबाई अगदी अजिजीने बोलत होत्या. “ती काळी बॅग माझ्या बहिणीला द्यायची आधीच ठरलं होतं. माझ्या डोक्यातूनच गेलं. तुम्ही दुसरी घ्या ना. दोन घ्या. वर मी काहीतरी देईनच. ड्रायव्हरला पाठवू का घ्यायला?”

साबणाच्या हातांनी मावशी तशाच बसून राहिल्या. हो म्हणणं किती सोपं होतं. आयुष्यभर तेच तर केलं होतं. मग त्यांच्या तोंडून निघालं, “ताई, मी ती वापरायला काढली हो.”

“वापरायला? म्हणजे?”

“डबा नेते तिच्यातून. पाण्याची बाटली, औषधं.”

“डबा? त्या बॅगेतून?”

“काल डबा जरा कलंडला,” मावशी पुढे म्हणाल्या. एकदा बोलायला लागल्यावर शब्द आपोआप येत गेले. “वरचं तेल आतल्या कापडाला लागलं. पण मी पुसलं साबणाने.”

“साबणाने?” सूनबाईंचा आवाज असा आला, जणू कुणी जिवंत माणसाला उकळत्या पाण्यात घातलं. मग हळूच, “बरं. राहू दे मग.”

फोन बंद झाला तेव्हा मावशी एकाच कपड्याला पुन्हा पुन्हा साबण लावत होत्या. घरोघरी त्यांचं नाव होतं ते खरेपणासाठी. गोळी दिली म्हणजे दिली, राहिली तर राहिली म्हणून सांगायच्या, मग घरचे कितीही ओरडोत. नवरा डोळे विस्फारून बघत होता.

“खोटं बोललीस की गं!”

“बोलले.”

“आणि आता ती आली बघायला म्हणजे?”

मावशी राहिलेले कपडे पिळायला लागल्या. पण सकाळी कामावर निघताना त्यांनी स्टुलावर चढून पर्स खाली काढली. तिच्यात डबा ठेवला, बाटली ठेवली, गोळ्यांची पुरचुंडी, छत्री. डबा आडवाच बसला. कडी लावली, कट्ट असा आवाज झाला, आणि पर्स खांद्याला अडकवून त्या चालू लागल्या. सांगितलं तेवढं आता खरं होतं. फक्त तेल सांडायचं राहिलं होतं, तेही आठवड्याच्या आत बसने करकचून ब्रेक मारला तेव्हा झालं. मुलीने डोक्याला हात लावला. “आई, तू वेडी आहेस का? आता कोण घेणार ती?”

“मी घेतलीय ना.”

पर्समुळे लोक आपल्याला चोर म्हणतील, अशी मावशींना मनातून धास्ती होती. नव्या कामाच्या घरी एक रिटायर्ड मास्तर होते, अर्धांगाने एक बाजू गेलेले. ते फारसं बोलत नसत. मावशींनी पर्स नेली त्या पहिल्याच दिवशी त्यांच्या लेकीने ती पाहिली आणि जवळ आली. मावशींनी पर्स पाठीमागे घेतली.

“अय्या, मावशी, हुबेहूब!” ती कौतुकाने म्हणाली. “हल्ली कॉपी काय सुंदर काढतात ना! कडीसुद्धा तश्शी. कुठून घेतलीत? मलापण एक आणा ना.”

“मिळाली एका ठिकाणी,” मावशी म्हणाल्या. “एकच होती.”

बसमध्येही तेच. दोन मुली कुजबुजत होत्या. एक म्हणाली, शिलाई बघ, लगेच कळतं डुप्लिकेट आहे. मावशींना आधी हायसं वाटलं. मग घरी जाईपर्यंत कुठेतरी बारीक टोचत राहिलं. रस्त्याने चालताना त्यांनी उगाचच पर्स समोर घेऊन शिलाई पाहिली. चांगली सरळ होती.

पण सुखही होतं थोडं. सकाळी बसमध्ये पर्स मांडीवर असली की कातड्याचा एक गार वास यायचा. कुणी पाहत नसताना मावशी कडी उघडायच्या, लावायच्या. असल्या आवाजाचं दार त्यांच्या घराला नव्हतं. आठवडाभर, पंधरा दिवस हे चाललं. मग खांदा बोलायला लागला. सूनबाई एका बाबतीत खरं बोलल्या होत्या. पर्स नुसती रिकामी असली तरी भरलेल्या पिशवीएवढी जड होती. ती ज्यांच्यासाठी केली त्या बायका दारापासून गाडीपर्यंत चालत असणार. दोन बस बदलून जिने चढायला तिला कुणी केलंच नव्हतं. मावशी इकडचा खांदा दुखला की तिकडे घ्यायच्या, मग तिकडचा दुखला की हातात. तरी नेत राहिल्या. आता मागे फिरायचं म्हणजे मुलीपुढे आणि नवऱ्यापुढे तोंडघशी पडल्यासारखं झालं असतं.

एके दिवशी मास्तरांना खुर्चीवरून पलंगावर घेताना मावशींचा उजवा हात वर आलाच नाही. मास्तर अर्धे उठलेले, त्यांचं सगळं वजन मावशींच्या अंगावर. इतक्या वर्षांत एकही माणूस त्यांच्या हातून पडला नव्हता. त्यांनी पाठ भिंतीला टेकवली आणि मास्तरांना छातीशी धरून सावकाश, घसरत घसरत दोघंही खाली फरशीवर बसले. कुणाला लागलं नाही. पण उठता येईना. घरात दुसरं कुणी नव्हतं. मावशींना एकदम रडू फुटलं. “माफ करा हो मास्तर. आत्ता उठवते. एक मिनिट.”

मास्तरांनी चालू असलेला हात त्यांच्या दंडावर ठेवला. तोंड एका बाजूला ओढत, शब्द जुळवत ते म्हणाले, “बसा... थोडं. घाई... कसली?”

मग त्या बसल्या. भर दिवसा, कामाच्या घरी, फरशीवर पाय पसरून, काहीही न करता. मास्तरांची लेक आली तेव्हा दोघं तसेच बसलेले होते आणि मास्तर खिडकीतल्या कबुतराकडे बोट दाखवत होते. लेक ओरडली नाही. तिने हात देऊन दोघांना उठवलं आणि चहा टाकला. खांदा मात्र दाखवून घ्या म्हणाली, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. तेही तिचं खरंच होतं.

त्या संध्याकाळी मावशींनी बसथांब्याजवळच्या हातगाडीवरून एक कापडी पिशवी घेतली. लांब बंदाची, धुता येणारी. हातगाडीवाल्याने तीन रंग दाखवले. त्यांनी बराच वेळ लावून निळा निवडला.

काळी पर्स मुलगी घेऊन गेली. जुन्या महागड्या वस्तू घेणाऱ्या दुकानात तिने ती दाखवली. तिथल्या माणसाने ती उघडली, नाक आत घातलं आणि परत दिली. कार्ड नाही, खोळ नाही, वर तेलाचा वास. ही खरी कशावरून, म्हणाला. मुलगी संतापून घरी आली आणि दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच आली, आपल्या सुजलेल्या पायांना मलम चोळत बसली आणि म्हणाली, “जाऊ दे गं आई. स्कूटरला पेट्रोल कुणी घातलं असतं?” मावशींना हसू आलं. मुलगीही हसली.

पर्स नवऱ्याने ताब्यात घेतली. त्याने तिच्यात आपल्या गोळ्या, गुडघ्याचे पट्टे, चष्मा आणि फुटाण्यांची पुडी भरली. घट्ट बंद होते, मुंग्या शिरत नाहीत, चांगली आहे थैली, असा त्याचा निर्वाळा होता.

पुढच्या आठवड्यात मावशींनी एक दिवसाची रजा घेतली आणि दोघं मोठ्या दवाखान्यात गेले. त्याला गुडघे दाखवायचे होते, त्यांना खांदा. बाकावर जागा मिळेपर्यंत बराच वेळ उभं राहावं लागलं. मग नवरा मांडीवर ती काळी पर्स घेऊन ऐटीत बसला. समोरची एक पोरगी तोंड दाबून हसत होती. त्याचं लक्षच नव्हतं. तो फुटाणे खात होता.

“नंबर लांब आहे आपला,” तो म्हणाला. “झोप जरा. मी आहे जागा.”

“तुम्हाला ऐकू येईल का पुकारा?”

“येईल की. कानाला काय झालंय?”

कानालाही झालेलंच होतं, पण मावशींना वाद घालायचा कंटाळा आला. त्यांनी दुखऱ्या बाजूचा हात मांडीत घेतला, मागे भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. कुणीतरी खोकत होतं, कुणाचं तरी मूल रडत होतं. यांतल्या कुणासाठीही त्यांना उठून जावं लागणार नव्हतं. थोड्या वेळात त्यांचं तोंड किंचित उघडं पडलं आणि त्या घोरायला लागल्या.